मॉनिटरचा बायोडेटा

"अगं नीता, हा मुलगा एवढा आडवा नाहीये!" सुलभाताईंनी माझ्यासमोर एक छापील फोटो धरला. "हा बघ, त्याच्या आईनं नाव नोंदवताना दिलेला. आणि आता तिकडे बघ."

स्क्रीनवर तोच फोटो होता, पण मुलगा चांगलाच रुंद झालेला.

"ठाकुर्लीच्या बाई मुलीला घेऊन आल्या, एक नजर टाकून नको म्हणाल्या. या मेल्या टीव्हीमुळे!"

तो टीव्ही नव्हता, मॉनिटर होता. पण रागावलेल्या क्लायंटचे शब्द सुधारायचे नसतात. वागळे इस्टेटमध्ये माझं छोटंसं वर्कशॉप आहे. कारखान्यांतले जुने कॉम्प्युटर, ज्यांना बाकी कोणी हात लावत नाही, ते मी चालू ठेवते. डोंबिवलीच्या वधूवर सूचक मंडळातून बोलावणं यायची मात्र ही पहिलीच वेळ.

मंडळ म्हणजे सुलभाताईंच्या घराची पुढची खोली. त्यांचा एक नियम कडक होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचे नाहीत. "आमच्या मुलींचे फोटो गावभर फिरायला नकोत. बघायचंय त्यांनी इथे येऊन बघा." त्यामुळे जे काही जुळायचं ते त्या एका स्क्रीनसमोर. जुना चौकोनी मॉनिटर गेला, नवा रुंद आला आणि मंडळातली झाडून सगळी स्थळं एकाएकी खात्यापित्या घरची दिसायला लागली. त्यातच फोटोतल्या मुलाला, बाळकुमच्या जयेशला, नकार आला.

"ठाकुर्लीच्या त्या बाईंना, प्राजक्ताच्या आईला, मी हातापाया पडून रविवारी परत बोलावलंय. जयेशलाही यायला सांगितलंय," सुलभाताई म्हणाल्या. "माझ्या घरच्या डबड्यामुळे असं स्थळ मोडलं, तर मी मंडळाला कुलूप लावीन." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आलेलं हसू मी गिळलं.

स्क्रीनवर एक गोल काढून पाहिला. तो अंड्यासारखा आडवा आला. म्हणजे रोग कळला. स्क्रीनवर किती ठिपके आडवे आणि किती उभे, या मापाला रेझोल्यूशन म्हणतात. कॉम्प्युटर अजून जुन्या मॉनिटरच्या मापानं चित्र पाठवत होता आणि नवा मॉनिटर ते ओढूनताणून आपल्या अंगाला बसवत होता.

विंडोज असतं तर चहा येईपर्यंत काम उरकलं असतं. पण इथे आप्पा होते. आप्पा म्हणजे सुलभाताईंचे यजमान, टेलिफोन खात्यातून रिटायर्ड. मंडळाचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला, तोही अशा ऑपरेटिंग सिस्टिमवर, जिचं नाव सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसेल. जगभरातले काही हौशी लोक फावल्या वेळात ती सांभाळतात.

"व्हायरस नाही, जाहिराती नाहीत," आप्पा म्हणाले. "विंडोज घाला म्हणालात तर चहा न पिता जायचं."

चहात आलं घातल्याचा वास येत होता. मी विंडोजचं नाव काढलं नाही.

आधी सोपा मार्ग धरला. मॉनिटरच्या बटणांतच एक सेटिंग असतं. चित्र मूळ मापात मधोमध ठेवायचं, उरलेली जागा दोन्ही बाजूंना काळी. जयेश झटक्यात सडपातळ झाला. मी खूश. सुलभाताईंनी कपाळाला हात लावला.

"शुभकार्यात फोटोभोवती काळं? अगं, श्रद्धांजलीची जाहिरात वाटतेय ती!"

खरंच तशी वाटत होती. काढून टाकलं.

मग सिस्टिमच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे रेझोल्यूशनची यादी होती, पण सगळी चौकोनी मापं. रुंद एकही नाही. आप्पांच्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स चिपला नीट ओळखणारा ड्रायव्हर या सिस्टिमकडे नव्हता. अशा वेळी ती बायॉसला विचारते. बायॉस हा बोर्डावरच भरून आलेला प्रोग्रॅम. तो आपली ठरलेली यादी पुढे करतो आणि हॉटेलच्या मेनूकार्डात नाही ते मिळत नाही, तसं होतं.

त्या हौशी मंडळींच्या फोरमवर शोधाशोध केली. सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी नामी युक्ती काढली होती. बायॉसच्या यादीची मेमरीत एक नक्कल घ्यायची, तिच्यातलं एक बिनकामाचं माप खोडायचं आणि तिथे मॉनिटरचं खरं माप लिहायचं. मूळ यादीला धक्का नाही.

"आणि माझ्या प्रोग्रॅमचं काही झालं तर?" आप्पा.

"सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करते. तुमच्या डिस्कला हातसुद्धा लावत नाही."

"मग कॉपीवर काय धिंगाणा घालायचाय तो घाला."

धिंगाणा घातला. नवी आवृत्ती टाकली, रीस्टार्ट केला. जयेश होता तेवढाच आडवा! मी जाम वैतागले. सिस्टिमच्या नोंदी उघडल्या, तर मॉनिटरच्या नावापुढे लिहिलेलं, 'माहिती नाही'.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. "आप्पा, प्रत्येक मॉनिटरचा एक बायोडेटा असतो. कंपनी, उंची, रुंदी, आवडीचं रेझोल्यूशन. तो केबलमधून कॉम्प्युटरला पोचतो. तुमच्या मॉनिटरचा पोचतच नाहीये."

"म्हणजे स्थळ दारात आलंय आणि बायोडेटा पोस्टात अडकलाय?"

"अगदी तेच!"

केबल जुन्या मॉनिटरचीच होती. काटकसर म्हणून आप्पांनी ठेवून दिलेली. काढून पाहिली तर एक पिन वाकलेली. चित्र नेणाऱ्या पिना धड होत्या, ओळख सांगणारी तेवढी गेली होती. माझ्या बॅगेतली केबल लावली, कॉम्प्युटर चालू केला आणि यादीत रुंद माप दिसलं. ते निवडलं. माझा अंडाकृती गोल पुन्हा गोल झाला. आप्पांनी चक्क टाळ्या वाजवल्या आणि सुलभाताईंनी देवापुढे साखर ठेवली. मलाही इतका आनंद झाला की दुसरा चहा मीच मागून घेतला.

आता स्क्रीनवर भरपूर जागा उरली होती. आप्पांनी उत्साहाच्या भरात प्रोग्रॅम बदलला आणि मुलगा-मुलगी शेजारी शेजारी दिसायची सोय केली. "इतकी वर्षं एकेकटेच दिसायचे हो," सुलभाताई म्हणाल्या आणि जोडीमागून जोडी बघत बसल्या.

रविवारी काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून मलाही बोलावलं. प्राजक्ता आणि तिची आई आल्या. स्क्रीनवर प्राजक्ता, शेजारी सडपातळ जयेश. आई खुलली. "असं होय! मग काहीच हरकत नाही."

तेवढ्यात बेल वाजली. दारात जयेश उभा. चांगला भरभक्कम, हसरा आणि हुबेहूब त्या बिघडलेल्या स्क्रीनवरचा!

"तो फोटो कॉलेजातला आहे," तो ओशाळून म्हणाला. "आईनंच दिलेला. मी तिला सांगत होतो, नवीन दे म्हणून."

सुलभाताई मटकन खुर्चीत बसल्या. प्राजक्ताच्या आईनं स्क्रीनकडे पाहिलं, मग जयेशकडे.

प्राजक्ता मात्र खळखळून हसली. "अगं आई, हा तर मागच्या वेळचाच मुलगा आहे! मला तेव्हाच आवडलेला. नको तू म्हणालेलीस, मला कुठे विचारलंस?"

त्यांचा साखरपुडा झाला. मीही जेवून आले. तेव्हापासून दुरुस्तीला गेले की पहिला प्रश्न एकच विचारते, तक्रार नक्की कोणाची आहे?