इंदोऱ्यातली अकराची पंगत

प्रयागबाई इंदोऱ्याच्या वस्तीत बिड्या वळायची. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून वस्तीत आलेला एकही भन्ते तिच्या अंगणातून उपाशी गेला नाही. तिच्या हातचा बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा लालभडक. त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा.

अडुसष्ट सालची गोष्ट. शेजारचा रुपराव सरकारी कचेरीत कारकून. एक दिवस तो छापील कार्यक्रम नाचवत आला.

"मावशी, उद्या सिलोनहून पाच भन्ते येऊन राहिले. आपल्या रेडिओवाल्या सिलोनहून. दिल्लीचं पत्र आहे. आपला बुद्धाचा देश, तेही बुद्धाले मानणारे, म्हणून नातलगासारखी सरबराई करा म्हणते."

"जेवू कधी घालता गा नातलगाइले?"

"एक वाजता, सरकारी बंगल्यावर. आधी भाषणं."

प्रयागबाईचा हात बिडीच्या पानावरच थांबला. "भन्ते बारानंतर अन्नाले शिवत नाहीत, हे तुया हापिसात कोणालेच ठाऊक नाही काय?"

रुपराव मटकन ओट्यावर बसला. कागद साहेबाने काढला, वर जाऊन सही होऊन आला, अन् कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"झेंड्यावर चक्र, नोटेवर सिंह," प्रयागबाई म्हणाली. "साऱ्या दुनियेत सांगता का हा बुद्धाचा देश. अन् त्याच्याच लेकराइले उपाशी धाडता?"

"साहेब नाही ऐकत, मावशी. हॉटेलातून फिकं जेवण सांगितलं, फॉरेनच्या पोटाले सोसलं पाहिजे म्हणून."

"मग मोटार अकराले इकडून आण."

"अन् माही नोकरी?"

"नोकरी तुया एकट्याची जाईन. नाक साऱ्या देशाचं जाईन."

दुसऱ्या दिवशी गल्ली सारवून निघाली. गल्लीतल्या कांताबाईने गंजभर भात शिजवून आणला. प्रयागबाईचा नवरा नत्थूजी सायकल घेऊन गल्लीच्या मोडावर उभा राहिला. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, मोटारीचा पत्ता नाही. प्रयागबाई दर घटकेला घड्याळ पाही अन् रश्श्याखालचा जाळ कमी करी.

साडेअकराला मोटारीचा भोंगा वाजला. पुढच्या सीटवर रुपराव, चेहरा फाशी जाणाऱ्यासारखा.

वस्तीने वंदन केलं. पंगत बसली. म्हाताऱ्या भन्तेंनी पहिला घास घेतला अन् त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपरावाने डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा भन्तेंनी पात्र पुन्हा पुढे केलं होतं. ते इंग्रजीत काहीतरी बोलले.

"काय म्हणतात गा?" प्रयागबाईने विचारलं.

"म्हणतात, आमच्याकडे याहून तिखट असते. तुमच्या देशात आलो तेव्हापासून चार दिवस फिकं खाऊन राहिलो."

अख्खी गल्ली हसली, भन्तेही हसले. बाराला दहा कमी असताना हात धुतले गेले.

एक वाजता बंगल्यावर ताटं वाढली, तर पाहुण्यांनी नुसता कोरा चहा घेतला. साहेबाने रुपरावाकडे पाहिलं. रुपरावाने होतं ते सगळं सांगून टाकलं. साहेबाने एक ताट स्वतःपुढे ओढलं. मग ते फिकं जेवण त्याला अन् त्याच्या लोकांनाच संपवावं लागलं.

रुपरावाची नोकरी राहिली. पुढल्या साली ब्रह्मदेशाचे भन्ते यायचे होते, तेव्हा कार्यक्रमात जेवण अकराला छापलं होतं, तेही प्रयागबाईच्या अंगणात. आदल्या दिवशी साहेब स्वतः आला, टोपी काढून ओट्यावर बसला.

"बाई, ब्रह्मदेशाचे लोक तिखट खातात का?"

"मले काय माहीत, साहेब," प्रयागबाई बिडीला दोरा गुंडाळत म्हणाली. "जेवाले बसले का त्याइलेच विचारू."