खुंटाची फूट

सत्तरच्या दशकात लोणावळ्यात जपानी शिकणारी बाई म्हणजे लोकांना फुकटची करमणूक होती. मी शाळेत शिकवायचे आणि जपानीच्या वर्गासाठी गाडीनं पुण्याला जायचे. "मास्तरीणबाई, जपानला कधी निघालात?" असं स्टेशनाबाहेरचा चिक्कीवालासुद्धा विचारायचा. मला एका जागी स्वस्थ बसवत नसे, एवढंच त्या जपानीचं कारण. घरचे लग्नाचा विषय काढायचे आणि मी गाड्यांचं वेळापत्रक काढायचे.

तुंगार्लीच्या बाजूला एका म्हाताऱ्या पारशी बाईंचा बंगला होता. त्यांच्या यजमानांनी जपानहून संत्र्याचं कलम आणून दारात लावलं होतं. यजमान गेले, झाड राहिलं. बाई त्याच्याशी बोलत, त्याच्यावर रुसतसुद्धा. त्या आषाढात वाऱ्यानं शेजारच्या सिल्व्हर ओकची फांदी त्याच्यावर कोसळली आणि गुडघ्याएवढा बुंधा तेवढा उरला. बाईंचं जेवणावरून मन उडालं. मग बुंध्याला कोंब आले, तेव्हा त्यांनी मला बोलावून कलमाबरोबर आलेली जपानी पुस्तिका हातात ठेवली. बाई मराठी चांगलं बोलायच्या, पण वाचायच्या इंग्रजीच.

"इंग्रजी करून दे. कोंबांचं काय करायचं ते मला समजलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझं झाड जगलं पाहिजे."

काम किरकोळ वाटलं होतं. पण बाजूच्या फुटीला जपानी माळ्यांकडे शब्दच शब्द! पानाच्या बगलेत येते ती वाकिमे. खोडाची साल फोडून येते ती दोबुकी. तुटल्या बुंध्यातून उठते ती हिकोबाए. आणि कलमाच्या जोडाखालून, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधतात त्या खुंटातून, येते ती दाइमे. माझा इंग्रजी शब्दकोश मात्र जवळजवळ सगळ्यांची 'सकर' म्हणून बोळवण करत होता. तेच लिहून मोकळी झाले असते, तर बाईंनी ठेवायचं काय आणि कापायचं काय? मुलांना गणितं घालून मी वर्गात येरझाऱ्या घालायचे. शेवटी वैतागून एकेका शब्दाचा नाद सोडला आणि सरळ वाक्यं लिहिली. दाइमेचं असं: 'जोडाखालची फूट. ही दुसऱ्याच झाडाची असते. दिसताक्षणी काढा, नाहीतर कलम उपाशी मरेल.'

लिहिलं आणि जीव खालीवर व्हायला लागला. प्रत्यक्ष झाडावर कुठली फूट आहे? शाळा सुटल्याबरोबर पावसातच बंगल्यावर गेले.

जोडाच्या वर एक कोंब होता, काडीसारखा बारीक, पानं पिवळट. जोडाच्या खाली दुसरा, चांगला करंगळीएवढा जाड, हिरवागार, लांब काट्यांचा, देठादेठाला तीन तीन पानं. त्याच्याभोवती दगडांचं आळं होतं, दगडाला हळदकुंकू लावलेलं. जवळच्या औंढे गावातून येणारा म्हातारा माळी छत्री धरून शेजारी उभा. बाई व्हरांड्यातून कौतुकानं बघत होत्या. "बघ, कसा आला परत!" त्या मला म्हणाल्या. त्यांना तो धष्टपुष्ट कोंब म्हणजेच यजमानांचं संत्रं वाटत होता.

पण सांगणं भाग होतं. कागद दिला. बाईंनी वाचला, पुन्हा वाचला आणि माळ्याला म्हणाल्या, "आबा, खालचा कापून टाक."

"बेल हाय त्यो," माळी म्हणाला. "तीन पानं, काटा. ऐन श्रावणात म्हादेव दारात आलाय न् तुमी कापाया सांगता?"

"बेल नाही हो आबा," मी म्हणाले. "जपानी काटेरी झाड आहे. त्याच्यावर संत्र्याचं कलम बांधलेलं."

"म्हादेवाला जपान लय लांब हाय व्हय?"

मला हसू आलं आणि रागही आला. तो शांतच होता. "मला कामावरनं काढा, बाई. पर ह्ये मी न्हाई करायचो." काढणं शक्यच नव्हतं. कलमाचा खड्डा यजमानांबरोबर त्यानंच खणला होता.

बाईंनी यजमानांची कात्री आणली आणि स्वतः खाली वाकल्या. माळ्यानं पाठ फिरवली आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. कोंब एका फटक्यात तुटला नाही. बाईंनी पुन्हा कात्री लावली.

त्यानंतर मी येता-जाता बंगल्यात डोकावायचे, कुणी न सांगता. वरच्या काडीला दोन पानं आली, तेव्हा मला दिवसभर वर्गात हसू येत होतं. नवरात्रात ती काळी पडली. दिवाळीच्या आत मोडून हातात आली. बाई रडल्या नाहीत. मीच फाटकाशी उभी राहून रडले.

थंडी सरताना त्यांनी पुन्हा बोलावलं. जोडाखालून तीच तीन पानांची फूट नव्यानं वर आली होती. आळं परत घातलेलं होतं, आणि या वेळी बाई स्वतः त्यात झारीनं पाणी घालत होत्या. माळी बाजूला उभा राहून कुठं घालायचं ते दाखवत होता.

"इतकी वर्षं माझ्या नवऱ्याचं झाड ह्याच्याच पायांवर उभं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझा कागद पुढे केला. "ती 'दिसताक्षणी काढा'वाली ओळ खोड."

"पण बाई, पुस्तकात आहे ती."

"पुस्तकवाल्याचं झाड जिवंत असेल," बाई म्हणाल्या.

मी पर्समधून पेन काढलं आणि ओळ खोडली.