ताईंची कढई

पूर्णवेळ नोकरी मिळाली तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्याआधीची सगळी वर्षं नागपुरात तासिका तत्त्वावर गेली. दर जूनला नव्याने मुलाखत द्यायची आणि दर एप्रिलला घरी बसायचं. त्यामुळे नागपूर जिल्ह्यातल्याच खाप्याच्या पुढच्या एका लहान गावातल्या कॉलेजचा आदेश हातात पडला तेव्हा मी गाव किती लांब आहे हे विचारलं नाही. गावाचं आणि कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. तिथे मी अजून शिकवते.

विषय गृहअर्थशास्त्र. हे ऐकून हसणाऱ्यांची मला सवय आहे.

आमच्याकडचे बहुतेक प्राध्यापक नागपूरहून अप-डाऊन करतात. सकाळी एका गाडीत पाच जण येतात, दुपारी तेच पाच जण परत जातात. मी गावात राहायचं ठरवलं, कारण नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या घरून तिथे पोहोचायला तीन वाहनं बदलावी लागतात आणि माझी पाठ ते सहन करत नाही. नवऱ्याचं औषधांचं दुकान हुडकेश्वरला, त्यामुळे तो तिथेच राहणार होता. शनिवारी मी जायचं, जमलं तर मधे त्याने यायचं. जानेवारीत मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या मला शोधून दिल्या ताईंनी.

ताई म्हणजे आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापिका. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, त्याच गावात घर बांधून राहिलेल्या. अख्खं गाव त्यांना मोठ्या मॅडम म्हणतं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझा डबा उघडला, भाजीची चव घेतली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे वं. पण हात चांगला आहे." तिथून आमची मैत्री सुरू झाली.

मी नवऱ्याला टेम्पो ठरवायला सांगणार होते. पलंग, शेगडी, भांडी, लोखंडी कपाट. ताईंनी अडवलं.

"काहून एवढं सामान आणून राहिली? माझ्या घरी सगळं दुप्पट पडलं आहे. मले काय दोन-दोन कूलर लागते?"

"ताई, कायमचं यायचं तर सामान लागेलच ना."

"पहिले राहून तर पाय. जमलं तर आण मंग."

आधी राहून बघणं मला शहाणपणाचं वाटलं. दोन बॅगा घेऊन मी राहायला आले. ताईंनी पलंग पाठवला, शेगडी पाठवली, मिक्सर, बादल्या, मार्चमध्ये कूलर. कढई त्या स्वतः घेऊन आल्या. लोखंडी, काळीभोर, बुडाला वर्षानुवर्षांचं तेल मुरलेली. तिच्यात वांग्याची भाजी होती.

"रिकामं भांडं कोणाच्या घरी नेऊ नये," त्या म्हणाल्या. "आणि परतही करू नये. ध्यानात ठेव, तुझ्या विषयात नसन हे."

आमच्या विषयात हे नाही, पण आमच्या घरी होतं. माझी आईही शेजारची वाटी परत करताना तिच्यात चिमूटभर साखर तरी टाकायची.

संध्याकाळी आम्ही नदीकडे फिरायला जायचो. दूधवाला कोणता बरा, कोणत्या दुकानातलं पीठ जाड निघतं, कोणासमोर काय बोलू नये, हे सगळं मला ताईंनी शिकवलं. मी माणसांशी पटकन जवळीक करत नाही. त्यांच्याशी केली.

आता कॉलेजातली एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या कॉलेजांतले प्राध्यापक मुलं जमवायला खेडोपाडी फिरतात. ऊन डोक्यावर, हातात माहितीपत्रकं. वर्गात पुरेशी मुलं नसतील तर विषय बंद होतो आणि शिकवणारा अतिरिक्त ठरतो, म्हणजे नोकरी तरी जाते नाहीतर कुठेतरी लांब बदली होते. मला प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्या विषयाची संख्या दोन वर्षांपासून घसरते आहे. या वर्षी पहिला वर्ग भरला नाही तर मी काही करू शकणार नाही." म्हणजे इतक्या वर्षांनी मिळालेली नोकरी जूनमध्ये चांगल्या पंधरा-वीस मुली मिळतात की नाही, यावर टांगली होती.

त्यात आणखी एक पेच. आमच्या वेळापत्रकात गृहअर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच तासाला आहेत. मुलगी एक घेईल, नाहीतर दुसरा. पण ताई म्हणाल्या, "माझ्या वर्गाची चिंता नको करू, तो भरतेच. चाल, मी तुले फिरवते."

आणि फिरवलं. स्कूटरवर मागे बसवून चार गावं दाखवली. दारात गेलं की म्हणायच्या, "ही माझी लहान बहीण समज." चहा यायचा, मी विषय समजावून सांगायचे. आहार, शिवणकाम, बालसंगोपन, पुढे अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला होणारा उपयोग. आया मन लावून ऐकायच्या.

त्यांतल्या एका गावात एक हुशार मुलगी होती. तिचे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे, वडील आता सावनेरला एका कारखान्यात जातात. त्या गावातल्या मुली सगळ्या मिळून एकाच बसने येतात आणि एकाच बसने जातात. म्हणून विषयही एकच घेतात, म्हणजे तास एका वेळी सुटतो आणि कोणी मागे राहत नाही. जे ही मुलगी घेईल ते बाकीच्या आठजणी घेणार. तिच्या आईने मला शब्द दिला होता, "पोरगी तुमच्याच विषयाले येईल मॅडम." कॉलेजच्या गावातल्या मुली आणि या नऊ, एवढ्यात माझा वर्ग भरत होता.

त्याआधी मे महिन्यात नवऱ्याच्या छातीत दुखलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्याची अँजिओप्लास्टी झाली. ताई नागपूरला येऊन गेल्या, माझ्यासाठी पोळ्या घेऊन. तिथल्या जिन्यात बसून मी खाल्लं. खाता खाता बोलून गेले, "कधी वाटतं ताई, दिवाळीपर्यंत बघावं आणि सोडून परत यावं." माणूस दवाखान्याच्या जिन्यात बोलतं तसं बोलले. ताईंनी पाठीवर हात ठेवला आणि आणखी एक पोळी पुढे केली.

नवरा आठवड्याभरात दुकानात बसायला लागला. ते बोलणं मी विसरूनही गेले.

प्रवेश सुरू झाले. त्या नऊ मुली आल्या, खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या, आणि नऊच्या नऊजणींनी समाजशास्त्र घेतलं. मला हे दुपारी लिपिकाने सांगितलं. मी तडक बसथांब्यावर गेले. मुली अजून बसची वाट पाहत होत्या.

"काय गं, काय ठरलं होतं आपलं?"

मी त्या हुशार मुलीला विचारलं. बाजूची दुसरीच बोलली, "मॅडम, तुम्ही तर दिवाळीनंतर चालल्या ना?"

"कोण म्हणालं?"

"मोठ्या मॅडम आईले सांगून राहिल्या होत्या," ती हुशार मुलगी म्हणाली. "म्हणे, त्यांचा जीव नागपुरात आहे. घरात त्यांचं स्वतःचं काहीच नाही. पलंग माझा, कूलर माझा, कढईबी माझीच. म्हणे, बाई राहायले आली असती तर सामान नसतं आणलं का?"

"आणि तुझी आई काय म्हणाली?"

"आई म्हणे, घर शिकवणाऱ्या मॅडमच्या घरी कढई नाही, मंग हे बरोबरच असन. मधातच शिकवणारं कोणी राहिलं नाही त आम्ही काय करू मॅडम?"

बस आली. मुली चढल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घरी आले आणि दारातच उभी राहून खोली पाहिली. पलंग, शेगडी, मिक्सर, बादल्या, कूलर. जानेवारीपासून मी त्या वस्तूंमध्ये आरामात राहत होते. 'पहिले राहून तर पाय' हे बोलताना त्यांच्या मनात तेव्हापासूनच काही होतं का, हे मी बराच वेळ ठरवत बसले. ठरलं नाही. अजूनही ठरलेलं नाही. पण जिन्यातलं माझं वाक्य त्यांनी कुठे नेऊन ठेवलं, ते मात्र स्पष्ट होतं.

मी नवऱ्याला फोन लावला.

"टेम्पो ठरव. कपाट, दिवाणखान्यातला पलंग, जुनी शेगडी, माळ्यावरची सगळी भांडी."

"सगळी?"

"सगळी. लग्नातली पितळेचीसुद्धा."

"आणि मी कशात जेवू?"

"तुला एक ताट ठेव. आणि कढई मोठी पाठव."

तो हसला, पण त्याने कारण विचारलं नाही. दोन दिवसांनी टेम्पो आला, मुद्दाम नाही, पण नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी. कपाट उतरवायला चार माणसं लागली आणि बघायला निम्मा बाजार. घरमालकीण म्हणाली, "बाप्पा! एवढं होतं तर आतापर्यंत कुठे ठेवलं होतं?"

सामान लागल्यावर मी हातठेला बोलावला. ताईंचा पलंग, कूलर, सगळं पुसून त्यावर चढवलं. कढई चिंचेने घासली, तेलाचं बोट लावलं आणि हातात घेतली. ठेल्याच्या मागे चालत त्यांच्या घरी गेले.

ताई अंगणात गहू निवडत होत्या.

"अवं, हे काय? मी मागितलं होतं का?"

"नाही. म्हणूनच आणलं."

ठेलेवाला सामान उतरवत होता. त्याच्यादेखत त्या गहू निवडत राहिल्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "पोरींनी सांगितलं वाटते."

"हो."

"मी खोटं काय बोलली वं? तूच म्हणे, दिवाळीनंतर सोडून देते."

"मी तुम्हाला म्हणाले होते, ताई. गावाला नाही."

"तुले काय, तुझ्या नवऱ्याचं दुकान आहे. तुझा विषय गेला तर तू जेवशील. माझा वर्ग कमी झाला तर मले या वयात कुठे फेकतील, गडचिरोलीले? मी एकटी बाई. इथं घर बांधलं, विहीर खोदली. तू त आत्ता आली."

"मग मला फिरवलंत कशाला?"

"फिरवलं त काय झालं? तू सोबत होती म्हणून लोकायनं दार उघडलं. नवीन मॅडम पाहाले सगळ्याले आवडते."

हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटत होतं की त्या माझ्यासाठी फिरताहेत, आणि इकडे त्याच मला दाखवायला घेऊन फिरत होत्या. मी चहा पीत बसायचे तेव्हा त्या आत स्वयंपाकघरात आयांशी बोलायच्या. मला तो आपलेपणा वाटायचा.

मी कढई पुढे केली. ताईंनी सवयीने दोन्ही हातांनी घेतली, आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"रिकामी?"

"हो."

"रिकामी आणली तू?"

पलंग परत आला तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. वर्गाबद्दल बोलताना आवाजही चढला नव्हता. आता मात्र त्या कढई तशीच धरून उभ्या राहिल्या. ठेवता येईना, धरवेना. मी फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसने एकटी त्या गावात गेले. त्या मुलीच्या आईला एवढंच म्हणाले, "बाई, माझ्या घरी या आणि बघून जा." रविवारी ती आली, आणखी दोघींना घेऊन. पलंगावर बसली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, कढई उचलून पाहिली, उलटी करून बुडावर कोरलेलं माझ्या माहेरचं नाव वाचलं. कपाट उघडू का म्हणून विचारलं. मी किल्ली दिली.

"हे सारं तुमचंच?"

"माझंच."

"मंग तुम्ही नाही जात आता," ती मैत्रिणींकडे वळून म्हणाली. "एवढं ओझं घेऊन कोण जाते?"

विषय बदलायची मुदत संपायच्या आत नऊच्या नऊजणींनी अर्ज दिले. माझा वर्ग भरला. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सर्वांसमोर अभिनंदन केलं, ताईंनीही टाळ्या वाजवल्या.

नंतर कळलं की ताईंचा वर्गही भरला होता. त्या नऊजणींशिवाय, आरामात. दरवर्षी भरतो तसाच. गडचिरोली, एकटी बाई, विहीर, कशाचीही गरज नव्हती. मला सगळ्यात जास्त हे लागलं. गरजेपोटी केलं असतं तर मी त्यांच्याशी भांडून पुन्हा नदीवर फिरायला गेले असते. त्यांनी संधी हाताशी आली म्हणून केलं, जशी बाजारात स्वस्त दिसली म्हणून कोथिंबिरीची जुडी जास्तीची घेतात.

आणि गंमत म्हणजे दिवाळीनंतर मी कदाचित खरंच परत गेले असते. आता जाऊ शकत नाही. त्या मुलीच्या आईच्या हातात मी कपाटाची किल्ली दिली आहे.

पोळ्याला ताईंनी त्यांच्या कामवाल्या बाईच्या हाती पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. वर निरोप, "मीठ बरोबर आहे, मॅडमले सांगजो." बाई दारात थांबली होती. मी पोळ्या ताटात काढल्या, डबा धुतला, पुसला. त्या बाईने रिकामा डबा हातात घेऊन जाणं बरं दिसलं नसतं. माझ्या साखरेच्या डब्यातली एक चिमूट त्यात टाकली, झाकण लावलं आणि दिला.

पोळ्या त्या बाईलाच बांधून दिल्या.