विश्वामित्रीकाठची मोकळी जागा

संध्याकाळी बाबा घरी आले की पँटला चिकटलेली कुसळं काढत बसायचे. एकेक कुसळ निघायचं, तसा एकेक किस्साही निघायचा. रावपुऱ्यातल्या आमच्या घरात केरापेक्षा किस्सेच जास्त साचले होते!

विश्वामित्री नदीच्या काठी एका शेठची पडीक जमीन होती. कारखान्यातली नोकरी सोडून बाबांनी ती सांभाळायला घेतली. तिथे रान वाढू दिलं, शाळांच्या सहली बोलावल्या. पुढे भाव चढले. शेठ जमीन कधी विकतील याची धास्ती घरात सगळ्यांनाच होती.

*

मगर बघायला मुलं काठावर गप्प बसली होती. बराच वेळ झाला. शेवटी एकाने वेळ विचारलीच, "अंकल, मगरनो शो केटला वागे छे?"

"शो चालू आहे," बाबा म्हणाले. "तुम्हाला बघतेय ती!"

*

पर्यावरण दिनाला एका कंपनीची माणसं पांढऱ्या टोप्या घालून मदतीला आली. बाबा आणि मी चहा आणायला गेलो. परत येऊन बघतो तर झाडांखालचा सगळा पालापाचोळा झाडून, पेटवून मोकळे! त्याच पाल्यात बाबा मुलांना किडे, गोम, बेडकं दाखवायचे.

"सर, केवी चकाचक!" मॅनेजर म्हणाले.

बाबांनी सगळ्यांना चहा दिला. रात्री मात्र जेवले नाहीत.

*

घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत आईची मावशी राहते. तिने विचारलं, "जावई हल्ली काय करतात गं?"

"जमीन सांभाळतात."

"अगंबाई! कधी घेतलीत?"

"दुसऱ्याची," आई म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली.

*

एकदा शेठ मुलाला घेऊन आले. मुलगा अमेरिकेहून परतला होता. सगळीकडे फिरून झाल्यावर तो बाबांना म्हणाला, "अंकल, इतने सालों में यहाँ कुछ बनाया ही नहीं?"

"नहीं," बाबा म्हणाले. "उसी में बहुत मेहनत लगी."

शेठ खूप हसले. बाबांच्या पाठीवर थाप मारली. पुढच्याच महिन्यात जमीन बिल्डरला विकली.

*

आम्ही झाडांवरच्या नावांच्या पाट्या काढून आणायला गेलो, त्याच दिवशी तिथे भूमिपूजन होतं. ऐन वेळी बिल्डरच्या घरी सुतक आलेलं. तो लांब उभा राहून घड्याळ बघत होता. पूजेला बसायला कुणीच नाही.

"साहेब, तमे ज बेसो ने!" तो बाबांना म्हणाला. "जमीन तमने ओळखे छे."

मला वाटलं, बाबा निघून जातील. त्यांनी पाट्यांची पिशवी माझ्याकडे दिली, चपला काढल्या आणि पाटावर बसले. हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली. मागे जेसीबी उभा होता.

पूजा सांगणाऱ्या महाराजांनी हातात कुदळ दिली. बाबांनी ती उचलली, आणि तशीच धरून खाली बघत राहिले.

"चालो, मुहूर्त जाय छे!" महाराज म्हणाले.

"थोडं डावीकडे मारू का?" बाबांनी विचारलं. "इथे मुंग्यांचं घर आहे."

महाराजांनी आधी जेसीबीकडे बघितलं, मग बाबांकडे. आणि खणायच्या जागेवरचा नारळ उचलून जरा डावीकडे ठेवला.