अक्कांचं दुखणं माझ्या कमरेत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. या गोष्टीत भूत नाहीच... मी आहे, म्हणून लिहायला लाज वाटते.

आणीबाणी उठली त्या सुमारास आम्ही धारवाडला मळमड्डीत राहायचो. सासूबाईंना — सगळे त्यांना अक्का म्हणायचे — हाडांचा कॅन्सर झालेला. हुबळीला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होते. कंबर इतकी ठणकायची की कूस बदलताना त्या ओठ चावायच्या. डॉक्टरांनी दुखणं शमवायचं पातळ औषध दिलं. "दिवसातून तीनदा, न चुकता."

पण मी पडले बी.ए., म्हणजे डॉक्टरांहून शहाणी! असलं औषध अगदी शेवटी देतात, ते सुरू केलं की माणूस हातचं गेलं — ही माझी ठाम समजूत. शिवाय गल्लीतल्या बायका म्हणतील, सुनेनं आशा सोडली. बाटली लोणच्याच्या बरणीमागं लपवली आणि घरात सांगितलं, देतेय म्हणून.

"साकु गं, साकु," अक्का कानडीत कण्हायच्या. पुरे आता, पुरे.

"थोडं सोसा, अक्का. शेक संपले की बरं वाटेल." काय ते माझं ज्ञान!

दोन-तीन दिवसांत माझीच कंबर धरली. उजवीकडं, अक्कांची दुखायची नेमकी तिथंच. कुणाला बोलले नाही. सासू अंथरुणावर असताना सुनेनं कंबर दुखते म्हटलं तर काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको.

तशीच वाकडी होऊन बाजारात गेले. घेवडा निवडताना कळ एकाएकी गेली... दिवा मालवावा तशी. खरं वाटेना, म्हणून दोनदा वाकून पाहिलं.

"काय बाई, घेवड्याला नमस्कार?" भाजीवाली हसली.

घरी आले तर अक्का गाढ झोपलेल्या. यांच्या हातात ती बाटली.

"लोणचं काढायला गेलो, तर ही तिथं! आत्ताच पाजलं आईला. तू देत होतीस ना?"

मी घेवड्याची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी डॉक्टर आले. यांनी त्यांना बाटलीचं सांगितलं. "वहिनी, दुखणं थांबवणं म्हणजे इलाज थांबवणं नव्हे. दोन्ही बरोबर चालतात. इलाज थांबवायची वेळ आली तर मी सांगेन. औषध तेव्हाही चालूच राहील."

ती वेळ आली. शेक बंद झाले, अक्का घरीच राहिल्या. औषध मीच पाजायची. एकदा त्या म्हणाल्या, "तुझी कंबर थांबली का गं दुखायची?"

"कंबर? कुणाची कंबर?"

"माझी," म्हणून हसल्या.

नातू म्हणतो, आजी, मनाचे खेळ. असतील बापडे. पण माझ्या मनातलं अक्कांना कुणी सांगितलं? मला आजतागायत कळलेलं नाही. 'चुकले' एवढं तरी तेव्हा म्हणायचं होतं... मी नुसता चमचा पुढं केला.