बर्फाच्या कारखान्याची चिमणी

उत्तरेतल्या चारबाग स्टेशनच्या तिकीट खिडकीवर माझ्या पुढच्या बाईंना हिंदी जमेना, तेव्हा मी दुभाषा व्हायला हौसेने सरसावलो. साठीच्या, कोकणातल्या कोळीण. आजचं परतीचं तिकीट त्यांना रद्द करायचं होतं.

"का हो मावशी?"

त्यांनी हातातली वही उघडून दाखवली. त्यांचे वडील तांडेल, मच्छीमार होडीचे म्होरके. आता इथे लष्करी छावणीत, फौजेतल्या धाकट्या मुलाकडे असतात आणि एकेक गोष्ट विसरत चाललेत.

"देवळाचा कळस नि बर्फाच्या कारखान्याची चिमणी एका रेषेत दिसली की जाळं टाकायचं, अशा खुणा त्यांच्या. चिमणी तर कधीच पाडली. या खुणांवरनंच गावाचा इतिहास लिहितेय. सकाळी पाया पडले, तर म्हणतात, अजून चार ऱ्हायल्यात!"

"पण आता जीपीएस असतं ना?" मी अक्कल पाजळली. फोनने सांगितल्याशिवाय मला स्वतःची गल्ली सापडत नाही.

"त्यात मासळीची जागा मिळंल. गाव कसं होतं, ते नाय मिळायचं."

खिडकीतले भैया कंटाळले. "तो माताजी की वापसी कब की बना दें?"

मी मराठीत विचारलं.

"चारी लिहून झाल्या की," वही मिटत त्या म्हणाल्या.

"भैया," मी म्हणालो, "अभी रहने दीजिए."