नंबर नसलेला पार्ट

कंपनीनं वस्तूसोबत दिलेल्या कागदावर अविश्वास दाखवण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांची हयात गेली. घरात नवा मिक्सर आला की आधी तो खोलायचा, सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडायचे, पुन्हा जोडायचा, आणि मगच त्यात चटणी वाटायची परवानगी मिळायची. मी नवी स्कूटर सासुरवाडीला कौतुकानं दाखवायला नेली आणि रिक्षानं परत आलो.

मुकुंदवाडीतल्या त्यांच्या घरावरून विमानं उतरायला जायची. गच्चीत उभं राहून हे प्रत्येक विमानाला सूचना देत. "लई लवकर चाकं काढली ह्यानं!" पण विमानात बसायचं म्हटलं की, "जे मी जोडलं नाय, त्यात मी बसणार नाय." ह्या हट्टापायी घरात मोठीच पंचाईत झाली होती. माझी थोरली मेव्हणी पोर्ट ब्लेअरला. तिथं रेल्वे जात नाही हे सासऱ्यांना नकाशा काढून दाखवलं, तर नकाशाही कंपनीचाच निघाला. मेव्हणीला मुलगी झाली, ती रांगू लागली, चालू लागली. सासूबाईंनी शिवलेली झबली पेटीतल्या पेटीत लहान झाली. एकटीनं जायला त्या तयार नव्हत्या. "नात दोघांची हाय, जाऊ तर दोघं," म्हणायच्या.

शेवटी मीच एक शक्कल लढवली. जोडायचं प्लास्टिकचं प्रवासी विमान आणून दिलं. एकसष्ट तुकडे, आणि सोबत कुठल्याशा परक्या भाषेतला कागद, नुसती चित्रं आणि बाण. सासऱ्यांचे डोळे चमकले. "हे जोडलं आणि तीन चाकांवर उभं राहिलं, की तिकीट काढा," त्यांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी मसाल्याचा डबा जप्त झाला. मोहरी, जिरं, हळद वाट्यांमध्ये गेली आणि डब्यात विमान आलं. वैमानिकाची खुर्ची एकदा वरणात सापडली. सासऱ्यांनी ती धुतली, व्हर्नियरनं मोजली आणि वरण जेवले. कागदावरचा एक बाण पंखातून निघून थेट शेपटीत शिरत होता. त्या बाणापायी आठ दिवस गेले. "काढणाऱ्यानं विमान पाहेलच दिसत नाय, जावईबापू."

आणि मग तो गोळा आला. कागदावर विमानाच्या नाकात एक काळा गोळा काढलेला होता, पण बाकीच्या तुकड्यांसारखा त्याला नंबर नव्हता. "मामा, इथं आत काहीतरी ठेवायचं असेल," मी म्हणालो. "नंबर नाय म्हणजे पार्ट नाय," मामांनी निकाल दिला. तीस वर्षं टूलरूममध्ये हाच कायदा चालला होता. त्यांनी नाक चिकटवलं, घासलं, तीन हात रंग दिला.

विमान टेबलावर ठेवायच्या दिवशी सासूबाईंनी माळ्यावरची बॅग खाली काढली होती. मामांनी हलक्या हातानं विमान ठेवलं, आणि ते नाक वर करून बुडावर बसलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं. सासूबाईंनी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. मला त्या क्षणी मामांचा मनापासून राग आला. "कापून उघडू या," मी म्हणालो, तर त्यांनी अशी नजर टाकली की मी चहाला आत गेलो.

चार दिवसांनी दुपारी मामा पॉलिश पेपर आणायला औरंगपुऱ्यात गेले. सासूबाईंनी त्यांची हत्यारांची पेटी उघडली, सायकलचे पोलादी छर्रे घेतले, विमानाचं पुढचं चाक अलगद उपसलं, त्या भोकातून छर्रे नाकात सोडले, मेणबत्तीचं मेण ओतलं आणि चाक बसवलं. मी बघतच राहिलो. "भरल्या घागरी डोक्यावर वाह्यल्या मी. कुठं जड पाहिजे ते कळतं," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू नका."

मामा आले. विमान तीन चाकांवर उभं होतं. त्यांनी ते उचललं, तळहातावर तोललं, खाली ठेवलं. "रंग वाळला. आता बॅलन्स आला," म्हणाले. मग पॉलिश पेपर पेटीत ठेवून, "जावईबापू, दोन तिकिटं काढा."

दोघं जाऊन आली. सासूबाई सांगतात, उडल्यापासून उतरेपर्यंत मामांनी त्यांचं मनगट सोडलं नव्हतं.

मामा जाऊन आता वर्ष होईल. परवा त्यांचं कपाट आवरताना तो कागद सापडला. नाकातल्या गोळ्यापुढं लाल पेन्सिलीनं नंबर घातला होता: बासष्ट. खाली टूलरूमच्या त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, "छर्रे, नग अकरा. काम करणार: सौ. तपासलं:" आणि पुढं त्यांची सही. मला त्या माणसाची फार आठवण आली. कागद सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडात धरून वाचला.

"अकराच व्हते," त्या म्हणाल्या.